पोराला कबड्डीला पाठवू का, आणि पोरीचं काय?

निपाणीहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मुख्य भाग इथं देते.

"मी घरी बिड्या वळते. मालक तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, चार वर्षांमागं वारले. थोरला मुलगा सोळा वर्षांचा आहे. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणित आणि कन्नड राहिलं. तेव्हापासून मन झालं तर हायवेवरच्या गॅरेजला जातो, नाहीतर चौकात बसून मोबाईल बघतो. रात्री उशिरा येतो, विचारलं तर अंगावर येतो. आता मंडळाचे एक सर त्याला कबड्डीला बोलवत्यात आणि तो जातोय, आठवड्यातनं तीन-चार दिवस. दीर म्हणतात, खेळून पोट भरतंय व्हय? गॅरेजातच पक्का बसवा. मला काही सुचेना. खेळानं पोरगं सुधारतं का, खरं सांगा. धाकटी मुलगी सातवीत आहे. तिलाबी शाळेतल्या बाई खो-खोत घेतो म्हणत होत्या, पण संध्याकाळी ती माझ्यासोबत बिड्यांना दोरा बांधते. ती गेली तर हजार पुरी होत नाही, म्हणून नको म्हटलं."

ताई,

मुलाला जाऊ द्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको. पण मंडळ कसलं आहे ते तुम्ही स्वतः बघायचं आहे. आणि मुलीबद्दल तुम्ही शेवटी दोन ओळी लिहिल्यात, त्यावर मला तुमच्याशी जास्त बोलायचं आहे.

दिरांचं म्हणणं आधी घेऊ. त्यांना वाईट ठरवू नका. घरात कमावता माणूस उरलेला नसताना पोटाचा विचार करणाऱ्याला रागवण्यासारखं काही नाही, आणि त्यांचा मुद्दा बराचसा बरोबरही आहे. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या पोरांना वाटायला लागलंय की चार चढाया जमल्या की बोली लागलीच. खेळणारी पोरं लाखांनी आहेत आणि त्या लीगमध्ये जागा काही शेकड्यांच्या पुढं नाहीत. खेळाडू म्हणून रेल्वेत, पोलिसांत नोकऱ्या मिळतात हे खरं आहे. पण त्यासाठी राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची प्रमाणपत्रं लागतात आणि किमान दहावी पास तर लागतंच. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदो करत पुढं गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीत कांस्यपदक घेऊन आली. मला तिचा फार अभिमान आहे. तरी तुमच्या मुलानं पदक आणावं म्हणून त्याला मैदानावर धाडू नका. पदकाची आशा धरून पाठवलेलं पोर दोन वर्षांत निवडीत मागं राहिलं की पहिल्यापेक्षा जास्त कडू होतं.

मग पाठवायचं कशाला?

तुमचा मुलगा गेलं वर्षभर काय ऐकतोय ते आठवा. नापास झाला. कामाला नीट जात नाही. बापाच्या मागं घर सांभाळायचं सोडून चौकात बसतो. यातलं खोटं काहीच नाही. पण सोळाव्या वर्षी ज्याच्या कानावर दिवसभर एवढंच पडतं, तो हळूहळू जिथं कुणी काही विचारत नाही अशा ठिकाणी जाऊन बसतो. चौकात कुणी काही विचारत नाही. आला तरी ठीक, नाही आला तरी ठीक.

कबड्डीत मैदानात सात गडी लागतात. सहा आले तर सराव अडतो. डावा कोपरा सांभाळणारा आला नाही तर उजवीकडच्यानं कुणाच्या भरवशावर पकड करायची? म्हणून दुसऱ्या दिवशी चार जण विचारतात, काल कुठं होतास रे? हा प्रश्न त्याला घरात तुम्हीही विचारता, पण तिथं त्याचा अर्थ वेगळा लागतो: तू नव्हतास म्हणून आमचं अडलं. ताई, वडील गेल्यावर, शाळा सुटल्यावर, या पोराला असं कुणी म्हटलेलं नाही. खेळानं पोरं बदलतात असं आपण म्हणतो तेव्हा बदल इथून सुरू होतो. अंगातली ताकद, शिस्त, लवकर उठणं हे सगळं नंतर येतं, आणि कुणीतरी वाट बघतंय म्हणून येतं.

कबड्डीचा एक नियम मला फार आवडतो. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो खरा, पण आपल्या बाजूनं समोरचा एक बाद केला की तो उठून परत आत येतो. त्याला माफी मागावी लागत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. सोबत्यांनी कमावलेल्या गुणावर तो परत उभा राहतो, आणि पुढच्या चढाईत त्याच्या गुणावर दुसरा. दहावीत अडकलेल्या मुलाला हे रोज संध्याकाळी अंगानं कळणं मोलाचं आहे.

मात्र हे प्रत्येक मंडळात होतं असं समजू नका. सीमाभागात मंडळांना तोटा नाही. काही खरोखर पोरं घडवतात, काहींना पोरं फक्त यात्रेतल्या स्पर्धेपुरती आणि निवडणुकीत फलकावर फोटो लावण्यापुरती हवी असतात. म्हणून तुम्ही स्वतः मैदानावर जा, न सांगता, साध्या कुठल्याही दिवशी. बाईमाणसानं तिथं कशाला, असं कुणी म्हटलं तरी जा. सर शिकवताना शिव्या देतात का, हात उचलतात का ते बघा. जो चुकतो त्याला ते समजावतात की सगळ्यांसमोर त्याची खिल्ली उडवतात? मोठी पोरं कडेला मावा-गुटखा चघळत बसलेली असतील आणि सर काही बोलत नसतील, तर ते मैदान चौकापेक्षा बरं नाही.

सरांशी दोन शब्द बोला. हाताबिताला लागलं तर दवाखान्याचं कोण बघतं, हे आधीच विचारायचं. वजनी गटाच्या स्पर्धा असतात, पंचावन्न किलो, पासष्ट किलो अशा. त्यात बसवायला काही ठिकाणी पोरांना उपाशी ठेवतात, पाणी तोडतात. तुमच्या मुलाचं वय वाढीचं आहे, हे चालायचं नाही असं स्पष्ट सांगा. रात्री प्रकाशझोतातल्या स्पर्धा पहाटेपर्यंत चालतात. बाहेरगावी नेलं तर सोबत कोण आणि परत कसं आणणार, हेही विचारा. चांगला शिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, आई विचारायला आली याचं त्याला बरं वाटतं.

आणि एक विचारा: हारण्या-जिंकण्यापलीकडं तुम्ही पोरांकडून काय करून घेता? केनियात नैरोबी शहरात माथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. तिथं १९८७ साली पोरांच्या फुटबॉल संघांची एक संघटना सुरू झाली. वस्तीतला कचरा आणि गटारं साफ केली की संघाला साखळीच्या गुणतक्त्यात गुण मिळतात, सामना जिंकल्यावर मिळतात तसेच. त्यामुळं ज्या पोरांना वस्ती ओवाळून टाकलेली समजायची, त्यांच्याकडं लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. संघटनेचा कारभारही बराचसा तिथली तरुण पोरंच बघतात. तुमच्या मंडळाला एवढं जमेलच असं नाही. पण दहावी राहिलेल्यांना बसवून शिकवणं, धाकट्या पोरांना मोठ्यांनी खेळ शिकवणं, एवढं तरी असावं. नसेल तर सरांना सुचवा. तुम्ही बिड्या वळता म्हणून तुमचं कुणी ऐकणार नाही असं मनात आणू नका.

गॅरेज सोडवू नका. इथं मी दिरांच्या बाजूची आहे. हातात काम असलेलं बरं, आणि सराव संध्याकाळी असतो, दोन्ही बसतं. गॅरेजवाल्याला सांगून आठवड्यातले तीन-चार दिवस तासभर लवकर सुटायची सोय होते का बघा. दिरांनाच त्याच्याशी बोलायला पाठवा. म्हणजे ते या ठरवण्यात सामील होतील, बाहेरून बोलणारे राहणार नाहीत.

पण राहिलेले दोन विषय काढायचेच. कर्नाटक बोर्डात एसएसएलसीला राहिलेले विषय त्याच वर्षात पुन्हा देण्याची सोय आहे, आणि राहिलेले तेवढेच द्यायचे असतात. शाळेत जाऊन हेडमास्तरांना पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख विचारा. दहावीच्या कागदावर पुढं बरंच अवलंबून असतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं आपल्याकडच्या पोरांच्या मनात पलटण असतेच, तुमच्याही मुलाच्या असेल. अग्निवीर म्हणून भरती व्हायला साडेसतरा वर्षं पुरी लागतात आणि जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के, प्रत्येक विषयात किमान ३३. म्हणजे कबड्डीनं कमावलेली छाती कामाला येईल ती मार्कांचा कागद सोबत असला तरच. हे त्याला तुम्ही सांगण्यापेक्षा सरांकडून सांगवून घ्या. या वयात आईचं न ऐकणारं पोरगं कोचचं ऐकतं. त्यात वाईट वाटून घेऊ नका, त्याचा उपयोग करा.

कन्नडची एक गोष्ट. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना कन्नड येत नाही असं म्हणतात, पण पुष्कळदा त्यांना कन्नडची भीती असते. तोंड उघडलं की हसतील, ही भीती. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात कबड्डीच्या संघात कन्नड बोलणारी पोरं असतातच. पकड कुणी कधी करायची हे ओरडून सांगताना व्याकरण कुणी बघत नाही. मैदानावरच्या कन्नडनं पेपर सुटणार नाही, त्याला पुस्तक उघडावंच लागेल. पण भीती गेली की पुस्तक उघडायला हात धजतो. सीमाप्रश्न आपला आहे, न्यायालयात आहे, त्यावर ज्यानं त्यानं आपलं मत धरावं. एका ताटात जेवून, एका टेम्पोतून स्पर्धेला जाणाऱ्या पोरांना एकमेकांची भाषा आली तर त्यात कुणाचंच नुकसान नाही.

आता मुलीकडं येते.

तुम्ही मुलाचं दोन पानं लिहिलंत आणि मुलीचं दोन ओळींत उरकलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. मुलगा दार आपटून जातो, म्हणून त्याची काळजी डोळ्यांसमोर येते. मुलगी शाळेतून येऊन गप बसून दोरा बांधते, म्हणून ती ठीक आहे असं वाटतं. मी शाळांमधून मुलींशी बोलते तेव्हा बघते, ज्या मुलींबद्दल घरी कुणालाच काळजी नसते त्याच सातवी-आठवीत हळूच शाळेतून नाहीशा होतात. आधी आठवड्यातनं एक दिवस, मग दोन, मग कुणाच्या तरी लग्नात स्थळ निघतं.

खो-खोला पैसे लागत नाहीत. दोन खांब आणि मोकळं मैदान. नऊ जणी मैदानात असतात. आठ जणी ओळीत, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, अशा उकिडव्या बसतात आणि नववी पाठलाग करते. तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही, उलटं फिरता येत नाही. म्हणून ती बसलेल्या एकीला पाठीमागून खो देते आणि ती क्षणात उठून धावते. बसलेल्या प्रत्येकीला सगळा वेळ तयार राहावं लागतं, कारण आपली पाळी कधी येईल ते ठाऊक नसतं. घरात ‘तू गप बस’ एवढंच ऐकणाऱ्या मुलीच्या पाठीवर थाप पडते आणि ऊठ, आता तू, असं तिला दिवसातून कितीदा तरी सांगितलं जातं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला. कप्तान महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती आणि आपल्या कर्नाटकाची चैत्रा बी. त्या संघात होती. मुलीला हे जरूर सांगा. पदकाचं मी मुलाबद्दल म्हटलं तेच तिलाही लागू आहे, पण सातवीतल्या पोरीला आपल्यासारखीच कुणीतरी कप हातात धरून उभी दिसली पाहिजे.

झारखंडात रांचीजवळ ‘युवा’ नावाची संस्था २००९ पासून गावातल्या मुलींचे फुटबॉल संघ चालवते. त्या भागात मुलींची लग्नं लवकर होतात, बऱ्याचजणी घरकाम आणि मजुरीत अडकलेल्या. तिथं संघातल्याच मुली एकमेकींच्या घरी जाऊन आईबापांशी बोलतात, आणि मोठ्या झालेल्या धाकट्यांना शिकवतात. २०१३ मध्ये त्यांचा एक संघ स्पेनमधल्या स्पर्धेत खेळून आला. मला त्या स्पेनपेक्षा घरी जाऊन बोलण्याचं मोल जास्त वाटतं. एकटी मुलगी घरात ‘मला शिकायचंय’ म्हणाली तर तिला गप करता येतं. तिच्यासोबत आठ जणी दारात येऊन उभ्या राहिल्या तर अवघड जातं.

बिड्यांचं गणित मला कळतं. हजारी पुरी झाली नाही की मजुरी तुटते, आणि त्या पैशावर चूल आहे. म्हणून ‘मुलीला कामाला लावू नका’ असा कोरडा उपदेश मी करणार नाही. पण तंबाखूची भुकटी वाढत्या पोरीच्या छातीत जाते, आणि बिडीचं काम कायद्यानंही मुलांसाठी धोक्याचं धरलेलं आहे. ही गोष्ट तुम्हालाही आतून खुपत असणार, म्हणूनच तुम्ही पत्रात ती लिहिलीत. तेव्हा वाट काढू. बाईंना विचारा, सराव सकाळी शाळेच्या आधी घेता येईल का. खो-खोचे सराव बऱ्याच शाळांत सकाळी होतात. जमत नसेल तर आठवड्यातले तीनच दिवस संध्याकाळी पाठवा आणि त्या दिवशी दोरा बांधायला मुलाला बसवा. होय, मुलाला. तो कबड्डीला जाईल त्या दिवशी ती घरी, ती खो-खोला जाईल त्या दिवशी तो घरी. तो कुरकुरेल. सरांना सांगा, तेही सरांकडूनच येऊ दे. जे मंडळ आपल्या गड्याला घरी बहिणीसोबत कामाला बसायला सांगू शकतं, ते मंडळ खरं.

चड्डीवरून कुणी बोलेल. शाळेच्या संघात ट्रॅक पॅन्ट घालून खेळता येतं, बाईंशी बोलून घ्या, त्यावर वाद घालत बसू नका. तालुक्याला, पुढं चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याच्या स्पर्धेला जाताना सोबत शिक्षिका असलीच पाहिजे, एवढा आग्रह मात्र धरा. मुलगी कुठल्या माणसाबद्दल घाबरून काही सांगू लागली तर खेळ बंद करायच्या आधी तिचं पुरतं ऐका. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ आहे, कुठल्याही वेळी लागतो.

पाळीच्या दिवसांत तिला घरी बसवू नका, तिला बरं वाटत असेल तर खेळू दे. या वयात मुलींचं रक्त कमी असतं, धावल्यावर चक्कर येते, आणि मग घरचे म्हणतात खेळ झेपत नाही. खेळ झेपतो, अन्न कमी पडतं. आपल्याकडच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळतं, नाहीतर केळं किंवा चिक्की. ते ती खाते का, की मैत्रिणीला देऊन टाकते, हे विचारा. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात ती रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी. मुलाला अंडं आणि मुलीला डाळीचं पाणी, असं घरात होत असेल तर तेही थांबवा.

शेवटी पैशाचं. तुमच्याकडं बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर ज्याच्यासाठी बिड्या वळता त्या कारखानदाराकडं मागा, किंवा बिडी कामगारांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन चौकशी करा. ते कार्ड असेल तर केंद्राच्या कामगार खात्याकडून तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकते. पहिलीपासून पुढच्या शिक्षणापर्यंत, इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० ते २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो आणि पैसे मुलीच्या खात्यात येतात, म्हणून तिच्या नावाचं खातं आणि आधार आधी जोडून घ्या. सातवीला रक्कम फार नाही, पण बूट आणि वह्या त्यात भागतात. अर्जाची मुदत दरवर्षी ठरलेली असते, खो-खोच्या बाईंनाच विचारा, त्या नाहीतर शाळेतले कारकून भरून देतील. त्याच दिवशी त्यांना सांगून या की मुलगी येणार आहे.